विहिणीला गेलेली पैठणी

हॅलो?… हो, मीच, वत्सला. दुकानातूनच बोलतेय… कोण, ज्योत्स्ना? अगं, आवाज काय झालाय तुझा! लग्नात ओरडून ओरडून बसला वाटतं… बरं. मीना गेली ना नीट सासरी?… मग रडतेस कशाला? पोरगी येवल्याला दिलीयस, अमेरिकेला नाही. एसटीत बसलं की पोचलं.

हो, हो… अगं, ऐक ना आधी. पैठणी कधी आणून देतेस? रविवारी विंचूरच्या नवरीला द्यायचीय ती. साइटवर फोटो बघून तिने तीच मोरपिशी धरून ठेवलीय…

गेली? कुठे गेली?… येवल्याला? पैठणी येवल्याला कशी जाईल? येवल्याहून येते ती!

थांब. रडू नकोस, नीट सांग… हो… तुझ्या जावेने… विहिणीचा मान म्हणून… झुंबरबाईंना देऊन टाकली?! अगं, तू नेसायला नेली होतीस ना ती? भाड्याने!… जावेला माहीत नव्हतं म्हणजे? तू सांगितलं नव्हतंस?… लाज कसली त्यात? मंडप भाड्याचा होता, त्याची नाही वाटली!

काय?… डबा उघडला तर आत नारळ, खण, हळदकुंकवाची पुडी… हो, होती. मीच ठेवली होती… अगं, सवय! इतकी वर्षं पैठणी विकतेय, कधी नुसता डबा दिला नाही कुणाला. हात आपोआप नारळाकडे जातो… चिठ्ठी? हो, साइटवाल्यांची चिठ्ठी असते, 'ही वस्तू भाड्याची आहे', लाल अक्षरांत. काढली मी. पैठणीवर असलं काही बरं दिसतं का?… बरं बाई, चुकलं माझं, झालं? तुझ्या जावेच्या जागी मी असते तर मीही तोच डबा उचलला असता.

हळू बोल. हे गल्ल्यावरच बसलेत, यांना कळलं तर मेलेच मी… अगं, पहिल्यापासून नाक मुरडतायत. म्हणे, भांडी भाड्याने देतात, घोडा देतात, पैठणी कुणी देतं का? मी हट्टाने दुकान त्या भाड्याच्या साइटवर घातलं, आमच्या पोरीने, अंजलीने, फोटो काढले. एकदा जरी घोटाळा झाला तर सगळं बंद, असं बजावलंय यांनी. आणि खरं सांगू ज्योत्स्ना? मला आवडतंय गं हे. काचेतून बघून पुढे जाणाऱ्या बायका आता आत येतात, पदर खांद्यावर घेऊन आरशासमोर उभ्या राहतात. ते बंद झालं ना, तर फार वाईट वाटेल मला…

अहो, काही नाही! ज्योत्स्ना आहे. लग्न छान झालं म्हणतेय!

हां, बोल. सरळ खरं सांगून टाक ना झुंबरबाईंना… हो, तेही आहेच. पोरीची हळद उतरली नाही अजून, आणि आईने विहिणीला भाड्याची पैठणी दिली. जन्मभर ऐकवतील तिला… काय सांगतेस, त्यांचं स्वतःचं साड्यांचं दुकान आहे? पैठणीवालीला पैठणी! मग काय म्हणाल्या?… 'पोत बरा आहे'? बरा?! डोळे तपासायला सांग त्यांना!

नाही, नाही, चिडत नाही. असं कर, फोन करून म्हण, फॉल-बीडिंग राहिलंय, लावून पाठवते… केलास? मग?… त्यांनी लावूनसुद्धा टाकला? काय उरक आहे बाईचा!

रडू नकोस गं. दुसरी बघते. विंचूरवाल्यांना तशीच दिसली म्हणजे झालं. अंजली! ए अंजली! साइटवर बघ गं, कुणाकडे मोरपिशी पैठणी आहे का भाड्याला… तुला नाही गं, अंजलीला… थांब, आहे म्हणतेय! आज सकाळीच टाकलीय कुणीतरी. फोटो उघडतोय… हळूहळू उतरतोय मेला… पदर आला. अगं, अगदी तशीच! मोरही तसेच! देव पावला बघ… काठही तोच… डबा…

ज्योत्स्ना. डबा आमचा आहे.

अगं, आमच्याच डब्यावर पसरलीय! दुकानाचं नाव दिसतंय!… गाव? येवला. दुसरं काय असणार!… हसतेस काय? आत्ता रडत होतीस ना! साइटवाले महिनाभर येवल्यातली दुकानं फिरतायत, या बाईनेही घेतलं मनावर. घरात पैठण्यांचा ढीग, आणखी एक नेसणार कधी? लावली भाड्याला! म्हणून फॉलची घाई!

भांडू कशी? माझी आहे म्हटलं की मीनाचं तोंड दिसतं डोळ्यांपुढे… नाही. दुसरा मार्गच नाही. अंजली, रविवारसाठी घे ती… हो, भाड्याने! हो, आपलीच! डोळे काय फाडतेस, दाब बटण. दुकानाचं नाव नको, मावशीच्या नावावर घे. नंबर माझ्या मोबाइलचा दे.

झालं, ज्योत्स्ना. रविवारचं भागलं. तुझी लेकही सुखात, झुंबरबाईही सुखात… पुढचं पुढे बघू. हसवू नकोस, हे बघतायत इकडे!

थांब, मोबाइल वाजतोय… येवल्याचा नंबर! त्याच असणार. फोन धरून ठेव, तोंडातून आवाज काढू नकोस…

हॅलो?… नमस्कार, नमस्कार. हो, आम्हीच घेतलीय भाड्याने… घरातलंच कार्य आहे… हो हो, जपून नेसू… काय म्हणालात?… छे छे, असं कसं! सोमवारी सकाळी पोचती करते… हो ना, हल्लीचे लोक, नेतात आणि परत द्यायचं नावच घेत नाहीत… नाही हो, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. दुसऱ्याची पैठणी घरात ठेवून झोप तरी लागेल का कुणाला?… हो. नमस्कार.

…ज्योत्स्ना, आहेस का?… नाही, आता एक शब्द बोलू नकोस. ठेव फोन. मला आधी पाणी पिऊ दे.