धुतल्यावरचं वर्तुळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे चित्रकार सर, विक्रीप्रमुख साहेब, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आमच्या बाई, आणि यंत्रं बंद ठेवून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषणाची सवय नाही. विणकामाच्या यंत्राला सूचना लिहून देणं हे माझं काम. यंत्र टाळ्या वाजवत नाही, जांभयाही देत नाही.

बाई आपल्या नमुना विभागाच्या प्रमुख. कागदावरचं चित्र लोकरीत नीट उतरलं की नाही, हे त्याच ठरवत आल्या. त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कंपासपेटी' म्हणतात. बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना? हसताय, म्हणजे होतं.

आत्ता निवेदकांनी सांगितलं, बाई स्वेच्छेने लवकर निवृत्त होत आहेत. कुणाच्या स्वेच्छेने, तेवढं सांगायचं राहिलं.

चित्रकार सरांचं एक चित्र आहे. काळा चौकोन आणि त्याला टेकलेलं लाल वर्तुळ, बस. ते पांघरुणावर विणायचं ठरलं. आता, विणलेला टाका चौरस नसतो. तो रुंदीला जास्त, उंचीला कमी. चित्र जसंच्या तसं टाक्यांत मोजून विणलं, तर वर्तुळ चपटं होतं. ते गोल हवं तर ओळी वाढवाव्या लागतात, आणि ओळी वाढल्या की यंत्राचा वेळ वाढतो. मला सांगण्यात आलं, वाढवू नका. विणून झाल्यावर पांघरूण उभं ताणलं, वाफ दिली, फोटो काढला. फोटोत वर्तुळ देखणं आहे.

बाईंनी ते पांघरूण धुतलं. ताण गेला, वर्तुळ पुन्हा चपटं.

साहेब म्हणाले, "अहो बाई, सोफ्यावर लोळताना कोण कंपास घेऊन बसतंय?"

"कंपास कशाला, साहेब? अंडं पोरंसुद्धा ओळखतात."

"अमूर्त कला आहे हो ही!"

"म्हणूनच तर! फुलाची पाकळी वाकडी विणली तर खपून जाते. इथे आहेच काय? एक चौकोन, एक वर्तुळ. तेवढंही धड द्यायचं नाही?"

त्यांनी मंजुरी दिली नाही. महिन्याभरात हा समारंभ ठरला. चित्रकार सर, तुम्हाला यातलं काही कळवलं होतं का? चेहऱ्यावरून तरी नाही असं दिसतंय.

आणि आज बाईंना भेट काय दिली आपण? तेच पांघरूण. ताणलेलं, वाफ दिलेलं, वर रिबीन बांधलेलं. ही भेट निवडणाऱ्याला विसराळू म्हणावं, की निर्ढावलेला? मी आवाज चढवत नाही, पण मला याची चीड आलेली आहे. ती लपवावी असं मला वाटत नाही.

आज सकाळी मला बाईंच्या जागी नेमलं. अभिनंदन करता करता साहेब म्हणाले, "पांघरुणाच्या मंजुरीची पहिली सही तेवढी आजच उरकून टाका."

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोरच उरकते. नमुना नामंजूर. ओळी वाढवलेली सूचना मी यंत्रात घातली आहे. मंजूर होईल ते फक्त त्या सूचनेनुसार विणलेलं पांघरूण. हे पसंत नसेल, तर असाच एक समारंभ माझ्यासाठीही ठेवावा. माझी हरकत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा. विणीत झालं तर मात्र करू नका.