त्रोआसचा घोडा, पारियमची लांडगीण

अपेक्षा : बसायले नाही आली मी, सर. हे दोन नाणे तेवढे पाहा. मग जाते.

मधुकरराव : पाहिलेली आहेत ती मी. पाच वर्षांपूर्वी, नाणी मंडळाच्या भर सभेत पाहिली होती. आणि हे ‘सर’ काय लावलंयस? काका म्हणायचीस ना?

अपेक्षा : तेव्हा तुमी घरी येत होते.

मधुकरराव : शालिकरामनं पाठवलं तुला?

अपेक्षा : बाबांले माहीतच नाही. आईले सांगितलं औषध आणायले चालली. बेसाहून इथं धरमपेठेत यायले किती वेळ लागते ते तिले समजते, पण तिनं विचारलं नाही. बाबा आता खाटेवरून उठत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते तुमाले सांगायले नको.

मधुकरराव : काय झालंय त्याला?

अपेक्षा : लिव्हरचा कॅन्सर.

मधुकरराव : मला कोणी बोललं नाही.

अपेक्षा : कोण बोलन? तुमच्या नाणी मंडळातलं कोणी आमच्या घरी येत असन तं बोलन.

मधुकरराव : पाणी तरी घे.

अपेक्षा : तुमी नाणे घ्या.

मधुकरराव : अपेक्षा, तुझं दुःख मला कळतं. पण माणूस आजारी पडला म्हणून नाणं खरं होत नाही. पुन्हा समजावतो. हे एक त्रोआसचं. मागे चरणारा घोडा. हे दुसरं पारियमचं. मागे लांडगीण आणि तिला पिणारी दोन पोरं. दोन्ही रोमन वसाहती, तुर्कस्तानच्या बाजूला, एकमेकींच्या शेजारी. तरी गावं वेगळी, कारभार वेगळा. आता दोन्ही पलटव. काय दिसतं?

अपेक्षा : गॅलिएनस बादशहाचं तोंड.

मधुकरराव : दोन्हीवर तेच. एकाच ठशातून निघालेलं. खरं नाणं ठशावर हातोडा मारून पाडतात; ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. ती रेघसुद्धा दोन्हीवर, कानामागे, त्याच जागी. दोन गावांच्या दोन ठशांना एकाच जागी तडा जाईल का गं? कोणा एका लबाडानं दोन्ही एकाच साच्यात ओतून काढली आहेत. एवढंच मी बोललो होतो.

अपेक्षा : एवढंच नाही बोलले. ‘शालिकराम, तुझ्या पेटीत गावोगावचा माल एकाच भट्टीतून आलेला दिसतो,’ असं बोलले होते. सारे हसले. मी मंडळाच्या हॉलच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मधुकरराव : तू तिथं होतीस?

अपेक्षा : बाबांनी नवा शर्ट घातला होता त्या दिवशी. त्यांच्या नाण्यांच्या पेटीवर पहिल्यांदा सभा होती. तुमी कॉलेजात इतिहास शिकवणारे, बाबा लकडगंजला आरामशीनवर लाकडं मोजणारे. तुमीच त्यांले नाणं वाचायले शिकवलं. त्यांले वाटलं, आज सर पाठीवर हात ठेवतील.

मधुकरराव : मी शास्त्राला धरून बोललो. मंडळात तोंडदेखलं बोलण्याची पद्धत नाही.

अपेक्षा : त्याच्यानंतर काय झालं ते ठाऊक आहे? बाबांनी ज्याले ज्याले एखादं नाणं दिलं होतं, ते सारे परत आणून देऊ लागले. कोणी घरात नाही आलं. गेटले पिशवी अडकवून जात. आई सकाळी दूध घ्यायले गेली की पिशवी घेऊन येत होती. बाबांच्या तोंडून तुमच्याविरुद्ध तं एक शब्द नाही. मंडळाच्या सभेचा रविवार आला की दाढी करायचे, कपडे घालायचे, अन् मग घरीच बसायचे.

मधुकरराव : हे मला माहीत नव्हतं.

अपेक्षा : हे वाचा. इंग्रजी लेख आहे, खाली मी मराठीत लिहून घेतलं. परदेशातल्या लोकांनी हजारो नाणे शेजारी ठेवून पाहिले. म्हणते की त्या लहान लहान गावांजवळ स्वतःचा ठसा कोरणारा नव्हता. कारागीर गावोगाव फिरायचा. बादशहाचं तोंड तेच, मागची बाजू तेवढी गावाप्रमाणं नवी. आपल्याकडं लग्नपत्रिका छापणाऱ्याजवळ गणपती एकच राहते अन् खाली नावं बदलते, तसं. म्हणजे शेजारच्या दोन गावांचं तोंड एक निघालं तं ते नाणे खोटे होत नाही.

मधुकरराव : हे मत माझ्या वाचनात आलेलं आहे.

अपेक्षा : कधी?

मधुकरराव : नंतर.

अपेक्षा : नंतर म्हणजे?

मधुकरराव : झाली असतील दोन-तीन वर्षं.

अपेक्षा : अन् तुमी फोन नाही केला?

मधुकरराव : मत आहे ते, अपेक्षा. ते सगळ्या नाण्यांना लागू होईलच असं नाही. या दोन नाण्यांपुरतं कोण सांगणार? शिवाय शालिकरामनं येणंच सोडलं होतं. वाटलं, निवलेलं कशाला उकरायचं.

अपेक्षा : आमच्या घरी काही निवलं नव्हतं, सर.

मधुकरराव : भिंग दे ते. टेबलावर आहे, चष्म्याच्या मागे. आणि खिडकीचा पडदा सार. हं. थांब, हे काय? पारियमच्या नाण्याला कडेला हा काप कसला? आधी नव्हता.

अपेक्षा : बाबांनी घेतला. आरामशीनवरून बारीक करवत आणली होती. ओतलेल्या नाण्यात आत बुडबुड्याचे भोकं राहते म्हणे, ते पाहायचं होतं त्यांले.

मधुकरराव : आपल्याच नाण्याला करवत लावली त्यानं?

अपेक्षा : रडत रडत लावली. आतून भरीव निघालं. एक भोक नाही. मी म्हटलं, बाबा, पाहा ना, तुमीच तं सांगता! तं म्हणे, मले का समजते वं? सरांले समजते.

मधुकरराव : बोलू नकोस. जरा थांब.

अपेक्षा : थांबली.

मधुकरराव : घोडा इकडे ठेव. लांडगीण त्याच्या बाजूला. चिकटून. दोन्ही तोंडं वर.

अपेक्षा : काय झालं?

मधुकरराव : त्रोआसच्या नाण्यावर रेघ कानापासून निघते आणि केसांत संपते. दिसतंय? आता हे पारियमचं. रेघ कानापासून निघते, केसांतून जाते, मान ओलांडते आणि पार अक्षरांपर्यंत पोचते.

अपेक्षा : म्हणजे एक छोटी, एक मोठी. त्यानं काय होते?

मधुकरराव : लबाडानं ओतलेली असती तर दोन्ही रेघा सारख्या असत्या. साचा जे आहे तेच उतरवतो. पण खरा ठसा हातोड्याचे घाव खातो, आणि घावागणिक त्याचा तडा वाढत जातो. हा ठसा आधी त्रोआसला वापरला. तडा गेला होता, तरी कारागिरानं तो टाकून दिला नाही. तोच घेऊन शेजारच्या पारियमला गेला. तिथे तो आणखी फाटला.

अपेक्षा : म्हणजे खरे आहेत?

मधुकरराव : खरी आहेत.

अपेक्षा : दोन्ही?

मधुकरराव : दोन्ही. अगं, नुसती खरी नाहीत. कोणतं आधी पाडलं, कोणतं नंतर, हेसुद्धा ती सांगतात. असा जोड मी उभ्या आयुष्यात हातात धरला नव्हता. आणि धरला तेव्हा पाहिलं नाही. त्या दिवशी घोडा आला, मी पाहिला, पुढच्या माणसाकडे सरकवला. मग लांडगीण आली. रेघ आहे एवढं पाहिलं. केवढी आहे ते पाहिलं नाही. दोन्ही शेजारी ठेवली असती तर पोरालाही दिसलं असतं.

अपेक्षा : चला मग.

मधुकरराव : कुठं?

अपेक्षा : घरी. हे सारं बाबांले सांगा.

मधुकरराव : मी लिहून देतो. सहीनिशी. मंडळाच्या कागदावर.

अपेक्षा : त्यांले आता वाचता येत नाही.

मधुकरराव : तर फोन लावून दे.

अपेक्षा : काल मी हा लेख वाचून दाखवला. सारा ऐकला त्यांनी. मग काय म्हणाले माहीत आहे? ‘सरांनी पाहिलं का?’ मी म्हटलं, नाही. तं तोंड फिरवून घेतलं. ज्यानं त्यांले खोटं ठरवलं त्याच्याशिवाय ते कोणाचंच मानत नाही. मी काय करू, सांगा? मले तुमचं तोंड पाहाची इच्छा नव्हती. तरी आली.

मधुकरराव : त्याच्यासमोर जायचं म्हणजे... काय तोंडानं जाऊ मी?

अपेक्षा : त्याच तोंडानं, ज्यानं सभेत बोलले. स्कूटी आणली मी. मागं बसता येते ना तुमाले?

मधुकरराव : येतं. भिंग घेऊ दे.

(बेसा. शालिकरामच्या घराची पुढची खोली. खाट खिडकीशी ओढलेली.)

शालिकराम : कोण होय?

अपेक्षा : बाबा, मधुकरराव सर आले.

शालिकराम : सर? उठव मले. उशी लाव वं मागं. सरांसमोर असं लोळून राहाचं का?

मधुकरराव : पडून राहा, शालिकराम. उठू नकोस.

शालिकराम : बसा जी, बसा. त्या खुर्चीवर नका, तिचा पाय हलते. अपेक्षा, आईले चहा मांडाले सांग. सरांले बिनसाखरेचा लागते.

मधुकरराव : चहा राहू दे. मी कामानं आलोय. तुझी नाणी पाहिली मी. आज, दोन्ही शेजारी ठेवून.

शालिकराम : कोन्ते?

मधुकरराव : त्रोआसचा घोडा आणि पारियमची लांडगीण. खरी आहेत. मी चुकलो होतो.

शालिकराम : पोरीनं आणलं ना तुमाले?

मधुकरराव : तिनं आणलं. पण पाहिलं मी. कानामागची रेघ आहे ना, ती घोड्याच्या नाण्यावर आखूड आहे, लांडगिणीच्या नाण्यावर लांब. ठसा एकच होता, तो त्रोआसहून पारियमला गेला आणि जाता जाता फाटत गेला. साच्यात ओतलं असतं तर रेघ वाढली नसती. कळतंय ना तुला?

शालिकराम : कळते जी. चांगलं जमवलं.

मधुकरराव : जमवलं नाही रे. हे घे, हातात घे. हे भिंग.

शालिकराम : भिंग काय करू? डोळ्यापुढं सारं पिवळं होऊन राहिलं.

मधुकरराव : तर मग नखानं पाहा. उंच रेघ आहे, नखाला लागेल. इथं. दे तुझं बोट.

शालिकराम : बोटं बधिर झाले, सर. औषधानं. परवा वाटी गरम होती तं तेही नाही समजलं, भाजून निघालो. राहू द्या.

अपेक्षा : बाबा, मी पाहिली ना रेघ. माह्या डोळ्यानं पाहिली.

शालिकराम : तू चूप राय वं. सर, कामठीच्या त्या जुन्या बंगल्यातून पेटी आणली ना, त्या रात्री झोप नव्हती मले. तिथला गोरा साहेब पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानाकडं लढाले गेला होता म्हणे, तिकडून घेऊन आला होता. मले वाटे, कुठचा कुठं घोडा, अन् पाहा, माह्या टेबलावर चरून राहिला. मूर्ख होतो. आरामशीनवरचा माणूस.

मधुकरराव : मूर्ख नव्हतास. तुझी नजर बरोबर होती. माझी चुकली. तुला सांगतो, असा जोड अख्ख्या मंडळात कोणाकडे नाही.

शालिकराम : तुमी रडून राहिले का?

मधुकरराव : नाही.

शालिकराम : आवाज तसा वाटला. तुमी इतकं नरम कधी बोलत नव्हते. कोणाचं नाणं खोटं निघालं तं तोंडावर सांगत. समोर कलेक्टर बसला असन तरी सांगत. म्हणून तं आम्ही मानत होतो.

मधुकरराव : मी मंडळात सांगणार आहे. येत्या सभेत. ज्या जागी उभा राहून बोललो होतो तिथूनच सांगेन, की मधुकरराव चुकला.

शालिकराम : नका जी. लोक हसतील तुमाले. मले ठाऊक आहे ते कसं राहते.

मधुकरराव : हसू देत!

शालिकराम : तुमी आले, बसले, लई झालं. सारे लोक भेटाले येते तं फळं घेऊन येते. मले खाता येत नाही, तरी आणते बिचारे. तुमी हे आणलं. मी नाराज नाही, सर. कधीच नव्हतो.

मधुकरराव : शालिकराम, अरे ऐक. मी दयामाया म्हणून नाही बोलत. लांडगिणीची रेघ लांब आहे. ती लांब आहे रे! मी खोटं बोलत नाहीये.

शालिकराम : उभ्या आयुष्यात नाही बोलले जी तुमी. आता माह्यासाठी काहून सुरू करता?