गोलात झोप येत नाही!

नाही, पण मला एक सांगा, गोलात बसून कुणाला डुलकी लागलीय का आजवर? रांगेत लागते. पुढच्याच्या पाठीआड आपण, सिनेगॉगमध्ये रब्बींचं प्रवचन सुरू झालं की खिडकीच्या रंगीत काचेतनं निळं-पिवळं ऊन गुडघ्यावर येतं, शेजारी हीटर गुरगुरतो, बाहेर कॅनडातल्या आमच्या विनिपेगचा बर्फ… आणि तुम्हाला सांगतो, डोळे कसे आपोआप… अहाहा! घोरायला लागलो की शेजारून माझ्या बायकोचं, ब्लूमाचं कोपर. "झेलिग, घरी झोप!" "जागाच आहे गं." पुन्हा ऊन, पुन्हा डोळे, पुन्हा कोपर. जन्म गेला आमचा त्या एका बाकावर.

तर ब्लूमा गेली. थंडी सुरू होता होता गेली. आमच्या ज्यू लोकांत रीत आहे, घरचं माणूस गेलं की महिनाभर सिनेगॉगमधली आपली जागा सोडायची. सोडली! मागे दाराशी बसलो, वारा खात. महिना संपला, म्हटलं आता आपल्या बाकावर जाऊ, डोळे मिटू, कोपराची वाट बघू… तर बाकच नाही! त्याच आठवड्यात सगळे बाक उचललेले! खुर्च्या! त्याही गोल मांडलेल्या! आणि मधे आमच्या नव्या रब्बीबाई, माझ्या नातीच्या वयाच्या, हसतायत. "झेलिगकाका, उरलोय आपण मूठभर. एकमेकांचे चेहरे दिसायला नकोत का?" अहो, त्या योसल कागनचा चेहरा मी शाळेपासून बघतोय, त्यात आता नवीन काय निघणार आहे? आणि गोलात झोप येत नाही हो!

सभा झाली. काय सभा! अर्धे म्हणाले गोल, अर्धे म्हणाले रांग, योसल म्हणाला, "ते मरू दे, प्रार्थनेनंतरचे मासे कधी वाढताय?" मी उठलो. म्हटलं, "रब्बीबाई, गोलात झोप येत नाही, ते असो. पण कुणाला स्वतःची जागाच नसली, तर उद्या ज्याच्या घरचं माणूस जाईल त्यानं सोडायचं काय? आणि परत यायचं कुठं?"

मलाच रडू आलं हो, एवढ्या लोकांत. रब्बीबाई हळूच म्हणाल्या, "दाखवा जागा." हीटरपाशी दोन खुर्च्या मांडल्या त्यांनी, अख्खा गोल तिथवर ओढला. एका बाजूनं फुगला बिचारा.

पुढच्या शनिवारी ऊन आलं, बरोबर गुडघ्यावर. डोळे मिटले… ब्लूमा कोट सावरत येऊन बसली, तिच्या हातमोज्यांना बर्फाचा वास… मी घोरतोय, मलाच ऐकू येतंय, पण कोपर काही येईना. वाट बघतोय, येईना… डोळे उघडले तर सगळा गोल माझ्याकडे बघतोय, आणि रब्बीबाई, मी उठू नये म्हणून, कुजबुजत प्रवचन करतायत! एवढी माया? अशानं गोलात झोप यायची कशी, सांगा!

शेवटी योसलला बोलावलं. "बस इथं. घोरलो की कोपर मार."

"जोरात मारू?"

"ब्लूमा मारायची तसं."

बसला. आणि तुम्हाला सांगतो, ऊन गुडघ्यावर यायच्या आत योसल गाढ! घोरणं असं की हीटर ऐकू येईना. मग काय, मारतोय मीच कोपर. "योसल, घरी झोप!" "जागाच आहे रे." दर शनिवारी हेच. ब्लूमा बिचारी इतकी वर्षं टक्क जागी होती, हे आत्ता कळतंय मला… प्रवचनं आता सगळी ऐकतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गोलात झोप येते हो, मस्त येते… पण शेजारच्याला!