सत्तेचाळीस नंबरची चरबी

(दादाचं वेल्डिंगचं दुकान. धाकटी बहीण प्रयोगशाळेतून तडक इथे आली आहे.)

दादा : हो, माझ्या नमुन्याचा नंबर सत्तेचाळीसच. हा बघ कागद. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी म्हणाले, संशोधनाला थोडी चरबी द्याल का? म्हटलं, थोडी कशाला, पोतंभर न्या!

धाकटी : आणि हे मला चार महिन्यांनी सांगतोयस?

दादा : ती तुझ्याच टेबलावर येणार हे मला काय ठाऊक? का गं, नापास झाली?

धाकटी : पहिली आली! महिनाभर तिचीच स्लाइड वर्गात दाखवतेय मी. 'बघून घ्या, एवढी सुजलेली चरबी पुन्हा मिळायची नाही.'

दादा : वा! घराण्यात पहिला नंबर काढणारा मीच.

धाकटी : दात काढू नकोस. पोरं हसली, मीही हसले. तुला हसले रे, दादा.

दादा : बरं, डोळे पूस आधी. आणि चरबी सुजते कशाने? ती तर नुसती पडून असते.

धाकटी : पडून कसली! पेशी फुगत जातात, रक्तवाहिन्या काही त्या मानाने वाढत नाहीत. ऑक्सिजन पुरेनासा होतो. मग गुदमरलेल्या पेशी बोंब मारतात, ती ऐकून शरीराच्या रखवालदार पेशी धावत येतात आणि तिथेच ठाण मांडतात. सूज उतरतच नाही. हळूहळू सगळ्या अंगाला बाधते.

दादा : ऑक्सिजन कमी सोडला की ज्योत काजळी धरते, तसं.

धाकटी : तसंच! लोकांची गेटं जोडताना बरं कळतं तुला.

दादा : मी धडधाकट आहे. कालच ते गेट एकट्याने उचललं.

धाकटी : आणि अर्धा तास धापा टाकत बसलास. वहिनी म्हणाली.

दादा : घरभेदी!

धाकटी : साखर कधी तपासलीस?

दादा : ऑपरेशनच्या वेळी. काठावर होती. महिन्याने परत या म्हणाले.

धाकटी : मग?

दादा : कामं होती गं.

धाकटी : चार महिने?

दादा : ...आईची साखर तपासायला तिला मीच नेलं होतं. जाताना रस्ताभर माझी टर उडवत होती. रिपोर्ट हातात आला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

धाकटी : हे तू कधी सांगितलं नाहीस.

दादा : लोखंड कापायला नाही भीत मी. त्या कागदाला भितो.

धाकटी : मलाही भीती वाटतेय, दादा. म्हणून तर धावत आले.

दादा : सकाळी किती वाजता उघडतं ते रक्त तपासायचं केंद्र?

धाकटी : सातला. उपाशीपोटी जायचं.

दादा : मग साडेसहाला घरी ये. एकटा निघालो तर वाटेतूनच परत फिरेन.