एका कप्तानाचे अनुभव

(लंडनमधलं हॅरो, सप्टेंबर २००५. शनिवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, चकल्यांचा डबा आणि कप्तानाची पांढरी टोपी. श्रीकांत, त्यांची बायको सुहासिनी आणि मुलगी उर्वी.)

श्रीकांत : थांब, थांब. त्या लॉकचा, म्हणजे नदीत बोट वर चढवायच्या हौदाचा, दरवाजा बंद झाला की पाणी वर येतं, की बोट वर येते?

सुहासिनी : दोन्ही. पाणी वर आल्यावर बोट काय रुसून खाली बसणार आहे?

श्रीकांत : वाकडं बोलू नकोस. उद्या चार वाजता मंडळाच्या गणपतीत दोनशे लोकांसमोर मला उभं राहायचंय. मंडळाच्या उल्हासनं पत्रकंसुद्धा छापलीत. ‘जुन्या बार्जमधून फ्रान्सच्या नद्यांवर : एका कप्तानाचे अनुभव.’

उर्वी : पण बाबा, तुम्ही फ्रान्सला गेलाच नाही.

श्रीकांत : हळू बोल!

उर्वी : इथे कोण ऐकते?

श्रीकांत : भिंतीला कान असतात. आणि भिंतीपलीकडे मंजिरीबाई असतात.

सुहासिनी : म्हणून आठ दिवस पडदे लावून बसला होतात ना? दूध आणायला मेट्रोपॉलिटन लाइननं पार ॲमरशमला जात होते, उर्वी! का, तर हॅरोत कुणी बघायला नको.

श्रीकांत : मग काय करायचं होतं? सगळीकडे सांगून बसलो होतो. आता काय सांगू, इथल्या वॉटर्लू स्टेशनवर, फ्रान्सच्या गाडीत चढायच्या आधीच फ्रेंच पोलिसानं घरी पाठवलं म्हणून?

सुहासिनी : सांगा की. वॉटर्लूला फ्रेंच माणूस जिंकला, असं इतिहासात पहिल्यांदाच घडलं. तुमच्यामुळे घडलं.

श्रीकांत : हसा, हसा.

सुहासिनी : मी विचारलं होतं की नाही? अहो, आमचे पासपोर्ट ब्रिटिश, तुमचा भारताचा, तुम्हाला व्हिसा लागेल का? काय म्हणालात?

श्रीकांत : आठवत नाही.

उर्वी : मला आठवते. ‘बत्तीस वर्षं इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला कसला डोंबलाचा व्हिसा! तुला काय कळतं त्यातलं?’

श्रीकांत : बापाची नक्कल करताना बरं मराठी जमतं गं तुला. आणि भारताचा पासपोर्ट ही माझ्या तत्त्वाची गोष्ट आहे.

सुहासिनी : असू दे की तत्त्व. दर सव्वीस जानेवारीला तो पासपोर्ट हातात धरून भाषण करता, आम्ही टाळ्या वाजवतो. पण सामानाची यादी केलीत, ती लॅमिनेट केलीत, त्यात कुकरची जास्तीची रिंगसुद्धा होती. व्हिसा तेवढा नव्हता.

श्रीकांत : मी दोन दिवसांत येणार होतो मागून.

सुहासिनी : हो, ‘बोट खोळंबलीय, तुम्ही व्हा पुढे’ म्हणालात. आणि कॉन्सुलेटनं तारीख दिली तीन आठवड्यांनंतरची!

श्रीकांत : झालं ते झालं. पुढचा फोटो. हे आत बसलेले कोण?

सुहासिनी : तुमचे मेहुणे. हरीशभावोजींनी पहिल्या लॉकला पोचायच्या आतच बोट काठावर चढवली. मग जे भज्यांचे कांदे चिरायला आत बसले, ते आठ दिवस बाहेर आले नाहीत. तुमच्या बहीणबाई, सीमाताई, बोलावून बोलावून थकल्या.

श्रीकांत : हरीशराव? अगं, ग्लासगोतला एवढा मोठा सर्जन!

सुहासिनी : म्हणून कांदा सुरेख चिरला.

उर्वी : आता हा बघा. माझी फेवरेट.

श्रीकांत : ही तर माझी टोपी!

सुहासिनी : ऊन डोळ्यांवर येत होतं.

उर्वी : बाबा, बोट बावीस मीटर होता! शंभर वर्षं जुना, पूर्वी कोळसा न्यायचा. आणि लॉक इतकी नॅरो, दोन्ही साइडला एवढीशी जागा. आईने एकदा पण टच नाही केला. लॉक उघडणारी बाई तिला ‘मादाम कापितेन’ म्हणाली आणि पिशवीभर टोमॅटो दिली.

श्रीकांत : हा फोटो नको. किंवा असू दे. मी सांगेन, गंमत म्हणून हिच्या हातात दोन मिनिटं सुकाणू दिलं होतं. फोटोपुरतं.

सुहासिनी : काय म्हणालात?

श्रीकांत : अगं, आपली एक बोलायची पद्धत...

सुहासिनी : फोटोपुरतं?

उर्वी : ओह बाबा.

सुहासिनी : तू गप्प बस. अहो, एकोणऐंशी साली मला गाडी शिकवायला नेलंत. पहिल्याच राउंडअबाउटला इतके ओरडलात की शेजारच्या गाडीतल्या म्हातारीनं काच खाली करून मला विचारलं, बाई, तू ठीक आहेस ना? मी तिथेच उतरले, ती परत स्टिअरिंगला हात लावला नाही. सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन बसतेय. मी डावीकडे म्हटलं की तुम्ही उजवीकडे वळणार, आणि रस्ता चुकला की चूक माझी.

श्रीकांत : त्याचा इथे काय संबंध?

सुहासिनी : पहिल्या लॉकमध्ये शिरताना सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं मी. तोंडानं रामरक्षा चाललेली. आत शिरलो, मागे दार लागलं, आणि कुणी ओरडलं नाही हो. कुणीच नाही. तेव्हा कळलं, मला येतंय हे. इतका आनंद झाला मला, तुम्हाला काय सांगू! ते आठ दिवस माझे आहेत. चकल्या न्या, टोपी न्या, ते दिवस नाही देणार मी.

श्रीकांत : मग उद्या मी तिथे काय बोलू? नाक कापलं जाईल माझं.

उर्वी : आपण प्रॅक्टिस करू. मी ऑडियन्स. ‘कप्तानसाहेब, लॉकमध्ये वर जाताना दोर पहिला पुढचा बांधायचा, का मागचा?’

श्रीकांत : ...मागचा.

सुहासिनी : झाली तुमची बोट आडवी.

उर्वी : फोन वाजतोय. उल्हासकाका आहेत.

श्रीकांत : मी नाही म्हणून सांग! नको... दे इकडे. हां, बोल उल्हास. तयारी ना? झाली की. म्हणजे काय झालंय, माझा घसा बसलाय. आवाजच फुटत नाही. हो, आत्ता फुटतोय, पण उद्या नाही फुटणार. छे, छे, रद्द कशाला? सुहासिनी बोलेल. हो, तिला सगळं माहीत आहे. काय? पत्रकाचं काय? राहू दे तसंच. अरे, ‘कप्तान’ पण राहू दे. बरोबर आहे ते. ठेवतो.

सुहासिनी : घसा म्हणे! पडलो तरी नाक वर.

श्रीकांत : बोलशील ना पण?

सुहासिनी : बोलेन. तुम्ही लॅपटॉपपाशी बसायचं. मी ‘पुढे’ म्हटलं की पुढचा फोटो. आणि मधे तोंड उघडायचं नाही, घसा बसलाय तुमचा.

श्रीकांत : आणि कुणी विचारलं, तुमचे मिस्टर एकाही फोटोत कसे नाहीत? ते कुठे होते?

सुहासिनी : नाही विचारत हो कुणी. सव्वीस वर्षं तुमच्या शेजारी बसतेय, मला विचारलं कधी कुणी?