कार्डावर एकच नाव

(दुपार. धाकटी मार्नी अलाबामातल्या होस्टेलच्या खोलीतून फोनवर; थोरली डीलिया व्हरमाँटमधल्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात. आज अलाबामात सोरोरिटींची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या निवासी मंडळांची, निवड; अशा मंडळाला 'घर' म्हणतात.)

मार्नी : ...आणि सकाळी आठला फोन आला, ताई. "संध्याकाळी निवडीचं पाकीट घ्यायला मैदानावर येऊ नकोस" म्हणे.

डीलिया : एकाही सोरोरिटीनं घेतलं नाही? काल दोन घरांनी बोलावलं होतं ना तुला?

मार्नी : दोन. पण पसंतीच्या कार्डावर मी एकच लिहिलं. आई कॉलेजात होती तेव्हाचं तिचं घर.

डीलिया : अगं वेडे! त्यांनी नाही म्हटलं तर? खाली दुसरं नाव लिहायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

मार्नी : मीठ नको चोळूस. दुसऱ्या घरातल्या मुली खरंच गोड होत्या गं. पण आईची त्या घराची पिन छातीवर लावलेली. दुसरं नाव लिहायला हातच उठेना.

डीलिया : बरं, रड. मी बटाटे सोलतेय, मला घाई नाही.

मार्नी : तुमच्याकडे कसं निवडतात?

डीलिया : आमच्याकडे निवडायला आहेच कोण! सगळ्या मिळून सतरा जणी. नवीन मुलीला सूप प्यायला बोलवायचं, नंतर भांडी घासायला उठते का ते बघायचं. झालं.

मार्नी : इथे आठवडाभर रोज नवा ड्रेस. शंभर जणी टाळ्या पिटत, गात दारात येतात आणि आपण रणरणत्या उन्हात हसत उभं राहायचं. गाल दुखले माझे.

डीलिया : आयोवात आपल्या भावाला, वेंडेलला, तिथल्या मुलांच्या फ्रॅटर्निटीनं आठवडाभर जेवायला घातलं. कुणाला त्याचा कंटाळा आला नाही, म्हणून घेतलं.

मार्नी : आपल्या वेंडेलचा? कंटाळा आला नाही?

डीलिया : सगळे इंजिनिअर गं. कळलंच नसेल त्यांना.

मार्नी : हसवू नकोस ना! आई पोहोचेल आता. चार तास गाडी चालवत येतेय, मागच्या सीटवर फुलं आणि तिनं भाजलेला गोड पीकन-पाय. मी पाकीट घेऊन तिच्या त्या घराकडे धावत जाणार, ती फोटो काढणार, असं ठरलेलं. तीन महिने वणवण फिरून शिफारसपत्रं गोळा केलीत तिनं. कुठल्या तोंडानं सांगू?

डीलिया : खरं ते सांग.

मार्नी : तुझं काय जातंय! तू पळालीस उत्तरेला. "मला त्या घरानं मानानं घेतलं," हे ऐकत मी वाढलेय.

डीलिया : पिन कुठाय?

मार्नी : हातात.

डीलिया : उलटी कर. आईला घेतलं त्याचं साल कोरलंय बघ.

मार्नी : त्र्याण्णव.

डीलिया : आणि आई कॉलेजात कधी गेली?

मार्नी : एक्क्याण्णवला... थांब. मधली दोन वर्षं?

डीलिया : ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही.

मार्नी : ताई, दार वाजतंय. ठेवते. ...ये, आई.

आई : तयार नाही झालीस अजून? आणि डोळे का असे? मार्नी? कुणी घेतलं?

मार्नी : कुणीच नाही. मी कार्डावर एकच नाव लिहिलं होतं. तुझ्या घराचं.

आई : ...सरक जरा, बसू दे मला. मीही एकच लिहिलं होतं गं. पहिली दोन्ही वर्षं.