पक्क्या हाताची सून

नंदनवनातल्या दातांच्या दवाखान्यात शोभाताई नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर पारशिवनीच्या भागीरथाबाई आणि त्यांची भाची कामिनी बोलत होत्या.

"मावशी, सून नाही आली सोबत?"

"उन्नती ड्यूटीवर हाय. खापरखेड्याले क्रेन चालवते."

"क्रेन? नवी नवरी असताना तिनं तं पाव्हण्यायच्या अंगावर चहा सांडला होता."

"हो ना. साऱ्या बाया म्हणे, धांदरट सून भेटली तुले."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, माह्या सुनेचा हात लई पक्का हाय, तो ट्रेच वाकडा हाय."

"असं काहून?"

"मलेही सासरी आल्याबरोबर धांदरट नाव पडलं होतं. माहेरी मी डोक्यावर दोन पितळी गुंड भरून पाणी आणे, थेंब सांडत नव्हता. इथं साधी वाटी उचलली तरी हात कापे माहा."

कंपाउंडरनं शोभाताईंचं नाव पुकारलं. त्यांनी पलीकडच्या माणसाला आधी जायला सांगितलं आणि त्या तिथंच बसून राहिल्या.

"मग उन्नतीचं काय केलं?"

"दुसऱ्याच दिवशी तेलाची बरणी, दुधानं काठोकाठ भरला गंज, सारं तिच्या हाती देलं. जो घरी येईल त्याले सांगो, पक्क्या हाताची हाय. क्रेनच्या भरतीत साहेबानं विचारलं, जमते का? तं पोरगी म्हणे, माहा हात पक्का हाय."

"पण मावशी, खरं सांगा, चहा सांडला तवा होता का तिचा हात पक्का?"

"नव्हता वं. कापतच होता. आता येवढा मोठा लोखंडाचा बोजा उचलते पोरगी, आन् खाली ठेवते तं धूळबी उडत नाही."